जावा बेटावरची दौलतजादा

गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५, जकार्ता

विमानतळावरून शहरात शिरेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाल-पांढरे झेंडे. येत्या रविवारी इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याला ८० वर्षं होतायत, त्यामुळे पूल, गल्ल्या, दुकानं सगळं सजलेलं. आतेभावाचं लक्ष मात्र एका ट्रकच्या मागे फडफडणाऱ्या काळ्या झेंड्यावर होतं. गवती टोपी घातलेली हसरी कवटी. टॅक्सीवाला आरशातून आमच्याकडे बघून हसला. 'वन पीस' नावाच्या जपानी कार्टूनमधल्या चाच्यांचा तो झेंडा. ट्रकवाल्यांनी लावायला सुरुवात केली, सरकारवर वैतागलेल्या लोकांनी त्याचे व्हिडिओ पसरवले, आणि काही बड्या पुढाऱ्यांना त्यात देशात फूट पाडायचा डाव दिसला. तेव्हापासून झेंडे जास्तच वाढलेत, असं टॅक्सीवाल्याचं म्हणणं.

आतेभावाचा नारायणगावजवळ मंडप आणि साउंडचा धंदा आहे. यात्रांच्या मोसमात तमाशाच्या फडांचं काम, गणपतीत मंडळांचं. पूर्व जावात ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर रचून मिरवणुका निघतात. त्यांचे व्हिडिओ दाखवून त्यानं मला भंडावून सोडलं होतं. माझी ओढ वेगळी. दांगदुत हे इंडोनेशियाचं लोकप्रिय संगीत मी बरीच वर्षं यूट्यूबवर ऐकत आलेय. त्या व्हिडिओंत स्टेजवर चढून गायिकेच्या हातात एकेक नोट ठेवणारे पुरुष दिसले की मला हटकून संगीत बारी आठवते. ती दौलतजादा समोर बसून बघायची होती. बाली आमच्या वाटेवर नव्हतं, आणि घरच्यांना ते अजून पटलेलं नाही.

संध्याकाळी दुकुह आतासला गेलो. भोवती काचेच्या बँका, खाली मेट्रो, आणि मधे एक साधं झेब्रा क्रॉसिंग. जुलै २०२२ मध्ये हे क्रॉसिंग देशभर गाजलं. चितायाम, बोजोंगगेदे, देपोक या लांबच्या उपनगरांतली गरीब घरची पोरं लोकलनं इथं यायची, स्वस्तातले कपडे ऐटीत घालून सिग्नल पडला की रॅम्पवॉक करायची. कुणी त्यांना कपड्यांची किंमत विचारायचं, कुणी प्रेमप्रकरणं, आणि त्या मुलाखती टिकटॉकवर लाखोंनी बघायचे. 'चितायाम फॅशन वीक' असं नाव पडलं. मग मॉडेल आले, गव्हर्नर आले, आणि एका नटाच्या कंपनीनं ते नाव स्वतःच्या मालकीचं म्हणून नोंदवायला अर्ज केला. लोक इतके खवळले की अर्ज मागे घ्यावा लागला. नंतर पोलिसांनी गर्दी हटवली. आज तिथं ऑफिस सुटलेले लोक भराभर रस्ता ओलांडत होते. दोन मुली मोबाईल खांबाला टेकवून नाचाची एकच स्टेप परत परत करत होत्या. मधे कुणी आलं की हसून थांबायच्या.

पोरांनी जागा शोधली, पोरांनी खेळ उभा केला, आणि मालकी सांगायला तिसराच पुढे आला. आपल्याकडच्या फडमालकांच्या आणि नाचणाऱ्या बायांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्यात, त्यांना यात नवल वाटायचं नाही.

शुक्रवार, १५ ऑगस्ट, जकार्ता

आपलाही स्वातंत्र्यदिन. सकाळी घरच्यांना व्हिडिओ कॉल, मग ग्लोडोक. हा जुना चिनी वस्तीचा भाग म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा मोठा बाजार. आतेभाऊ अँप्लिफायरच्या गाळ्यात गडप झाला आणि मी एका म्हाताऱ्या दुकानदाराशी मोबाईलच्या अनुवादावर गप्पा मारत बसले. एके काळी इथं चोरट्या व्हीसीडींचे ढीग असायचे. आता तो रिंग लाईट आणि कॉलर माईक विकतो.

व्हीसीडीचा विषय निघाला की इनुल दरातिस्ताचं नाव येणारच. पूर्व जावातल्या पासुरुआनकडची ही गायिका गावोगावच्या लग्नांत गायची. तिच्या कंबर फिरवण्याला लोकांनी ड्रिल मशीनचं नाव दिलं. त्या लग्नांचं शूटिंग कुणीतरी करायचं, त्याच्या व्हीसीडी बाजारात जायच्या, आणि तिला न विचारता, एक रुपियाही न देता तिचा नाच देशभर पोचला. टीव्हीवाल्यांना ती २००३ च्या सुमाराला दिसली, तोवर घराघरात तिची ओळख झालेली. मग वाद पेटला. 'दांगदुतचा राजा' म्हणवणारे रोमा इरामा तिच्यावर तुटून पडले, धर्मपंडितांनी नाकं मुरडली, आणि इनुल आणखी मोठी झाली. म्हणजे ज्याला आज व्हायरल म्हणतात ते इथं यूट्यूबच्या आधीच होऊन गेलंय, तबकडीवर आणि मोटारसायकलच्या डिकीतून.

रोमा इरामांचं स्वतःचं संगीत तरी कुठं शुद्ध होतं? पन्नाशी-साठीच्या दशकात इथल्या मलय वाद्यवृंदांनी हिंदी सिनेमाच्या चालींवर काम भागवलं. तबल्याच्या जागी त्याच बोलांचा ढोल घेतला. एल्या खादम ही त्या काळातली गायिका भारतीय वेशात, भारतीय हावभावांसह गायची. रोमांनी १९७० च्या दशकात 'सोनेता' या आपल्या ताफ्यासह त्यात इलेक्ट्रिक गिटार आणली आणि वर इस्लामी उपदेश घातला. उपदेश आणि ठेका एकत्र. आमच्या दुकानदाराला रोमा आवडतात आणि इनुलही. यात काही विसंगती आहे असं त्याला वाटत नव्हतं.

भारतातले आहोत म्हटल्यावर त्यानं पहिलं नाव शाहरुख खानचं घेतलं, दुसरं शाहीर शेखचं. २०१४ मध्ये आपलं हिंदी महाभारत इथं एएनटीव्हीवर लागलं, आणि अर्जुन झालेला हा नट इथं इतका गाजला की पुढे इंडोनेशियन कार्यक्रमांतच काम करू लागला. त्याच्या आधी, २०११ मध्ये, नॉर्मन कामारू नावाच्या पोलिसानं ड्युटीवर 'छैय्या छैय्या'वर ओठ हलवून नाचल्याचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला होता. तो गणवेशातला पोलीस रातोरात तारा झाला, आणि शेवटी पोलीस दलात राहिला नाही.

दुपारी ज्या वारुंगमध्ये भात खाल्ला तिथं टीव्हीवर राष्ट्राध्यक्षांचं संसदेतलं भाषण. कुणी बघत नव्हतं. रात्री मात्र लॉजवरच्या पोरानं आपणहून मोबाईल पुढे केला. त्याच सभागृहात वाद्यवृंद वाजतोय आणि खासदार जागेवर उभे राहून हसत नाचतायत. "नाचू दे की ताई, सणाचा दिवस," आतेभाऊ म्हणाला. पोरगा काही बोलला नाही. त्यानं व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया वर सरकवून दाखवल्या. भाषा कळली नाही, पण रागावलेले चेहरे मोजायला भाषा लागत नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट, योग्यकर्ता

गंबीर स्टेशनवरून सकाळची गाडी. खिडकीबाहेर भाताची खाचरं, डब्यात थंडी, गाडी वेळेवर. यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी मालियोबोरो रस्ता. पदपथावरचे फेरीवाले २०२२ मध्ये बाजूच्या इमारतींत हलवले, त्यामुळे चालायला ऐसपैस जागा. बांबूच्या वाद्यांचा एक ताफा दांगदुतची चाल वाजवत होता. डबा घेऊन फिरणारा मुलगा प्रत्येकापुढे थांबायचा. डब्यावर क्यूआर कोड चिकटवलेला. सगळ्या बँकांना मिळून एकच कोड चालावा म्हणून इथल्या मध्यवर्ती बँकेनं २०१९ च्या स्वातंत्र्यदिनी ही व्यवस्था जाहीर केली. आता ती रस्त्यावरच्या गवयापर्यंत उतरलीय. बाजूला तिपाईवर मोबाईल, लाईव्ह चालू. समोर पन्नासेक माणसं उभी होती, पडद्यावर त्याहून कितीतरी जास्त. मोबाईलवर कुणी गुलाब, म्हणजे पैसे मोजून घेतलेलं गुलाबाचं चित्र, पाठवला की वादक त्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचा. समोरच्यानं डब्यात दोन हजारांची नोट टाकली तर फक्त मान लववायचा.

गायकाला, नर्तकीला पैसे देण्याच्या या रिवाजाला इथं 'सावेर' म्हणतात. रिवाज जुना, जावा-सुंदाच्या लग्नांत तांदूळ आणि नाणी उधळण्यापासूनचा. दांगदुतच्या स्टेजवर तो नोटांनी चालतो. आणि ऑनलाईन खेळणाऱ्या, गाणाऱ्या लोकांना पैसे पाठवण्यासाठी इथं जी सेवा सगळ्यात जास्त वापरतात, तिचं नावच 'सावेरिया'.

रविवार, १७ ऑगस्ट, योग्यकर्ता

राजवाड्याच्या दक्षिणेला ज्यांच्या घरात उतरलो त्या बाईंना आम्ही सगळ्यांसारखं 'इबू' म्हणत होतो. साठीच्या आसपास, डोक्यावर हिजाब, आणि बोलायला खमकी. सकाळीच त्यांनी आम्हाला गल्लीतल्या स्पर्धांना नेलं. दोरीला टांगलेला कुरकुरीत पापड हात न लावता खायचा. पोत्यात पाय घालून पळायचं. शेवटी ग्रीस फासलेला उंच खांब, वर टांगलेली सायकल, बादल्या, पंखा. एकाच्या खांद्यावर एक चढत पोरं वर जायची आणि सगळा ढीग खाली घसरायचा. लाऊडस्पीकरवर वॉर्डातला एक माणूस धावतं वर्णन करत होता. विनोद बहुतेक चढणाऱ्यांच्या बायकांवर असावेत, कारण त्याच सगळ्यात जास्त हसत होत्या. दहीहंडीत मुरलेल्या आतेभावानं एका पोराला खालच्या थरात कसं उभं राहायचं ते करून दाखवलं. त्या थरावर सायकल उतरली. हा व्हिडिओ गल्लीच्या ग्रुपवर दुपारपर्यंत फिरत होता.

टीव्हीवर जकार्तातल्या राष्ट्राध्यक्ष भवनातला समारंभ. परेड संपली आणि 'ताबोला बाले' सुरू झालं. देशाच्या पूर्वेकडच्या, मुख्यतः नुसा तेंगाराच्या तरुण गायकांचं गाणं, टिकटॉकवरून वर आलेलं. राष्ट्राध्यक्ष, मंत्री, पाहुणे सगळे नाचायला लागले. इबूंनी बसल्या जागी खांदे हलवले. "परवाचा नाच वेगळा होता," त्या म्हणाल्या. खासदारांचा म्हणायचं होतं त्यांना. का वेगळा, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

रात्री कळलं की इबूच लाईव्ह करतात. जेवणं उरकली की बैठकीत दिवा लागतो, मागे बाटिकची कापडं टांगली जातात आणि त्या दोन तास टिकटॉकवर विकतात. मधे कुणी फर्माईश केली तर जुनं जावानीज गाणं म्हणतात. कापडापेक्षा गाण्याला गुलाब जास्त येतात, अशी त्यांची तक्रार. २०२३ च्या ऑक्टोबरात सरकारनं टिकटॉकवरची दुकानदारी बंद केली, तेव्हा त्यांचा हात दोन महिने रिकामा राहिला. डिसेंबरात टिकटॉकनं तोकोपेदिया ही इथली मोठी कंपनी जोडून घेतली आणि दुकान परत उघडलं. आपल्याकडे २०२० पासून टिकटॉकच नाही हे ऐकून त्यांना आमची दया आली. "मग तिकडच्या बायका विकतात कुठं?"

सोमवार, १८ ऑगस्ट, बांतुल

आज जोडून सुट्टी, आणि बांतुलच्या एका गावच्या मैदानावर रात्रभर वायांग. इबूंचा पुतण्या आम्हाला स्कूटरवरून घेऊन गेला.

वायांग कुलित म्हणजे चामड्याच्या छायाबाहुल्या. एकटा दालांग मांडी घालून बसतो, पहाटेपर्यंत उठत नाही. सगळ्या पात्रांचे आवाज तोच काढतो, पायाच्या बोटांत धरलेल्या लाकडानं पेटी ठोकून गामेलानला, म्हणजे साथीच्या वाद्यवृंदाला, इशारे देतो. गोष्ट महाभारतातली. पण इथली द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची बायको आहे, आणि श्रीकांडी, म्हणजे आपला शिखंडी, ही धनुष्य चालवणारी बाई आहे, अर्जुनाची बायको. शिवाय पांडवांच्या पदरी सेमार, गारेंग, पेत्रुक आणि बागोंग हे चार विदूषक नोकर, जे व्यासांना माहीत नव्हते.

मध्यरात्रीपर्यंत लोक जेमतेम ऐकत होते. शेंगदाणे, कॉफी, पोरांची झोप. मग दासींचा विनोदी प्रवेश आला आणि अख्खं मैदान पुढे सरकलं. गोष्ट बाजूला. दालांग गावच्या सरपंचाची फिरकी घेतो, रस्त्यावरच्या खड्ड्यांवर बोलतो, गायिकांना चिडवतो. प्रेक्षकांतून चिठ्ठ्या आणि पाकिटं वर जातात, दालांग ती वाचतो, गाणं होतं. आमच्या वगनाट्यातला सोंगाड्या हे सगळं करतो. फरक एवढाच की दालांगच्या उजव्या हाताला लॅपटॉप घेतलेला एक मुलगा बसला होता. यूट्यूबवर लाईव्ह बघणारे लोक फर्माईश लिहायचे, तो चिठ्ठीवर उतरवून पुढे सरकवायचा. एक चिठ्ठी तैवानमधून आली. तिथं कारखान्यात कामाला असलेल्या कुणा गाववाल्यानं आईसाठी गाणं मागितलं होतं. दालांगनं त्या आईला मैदानात उभं केलं. ती पदरानं तोंड झाकून उभी राहिली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ही वाट पाडली ती दालांग सेनो नुग्रोहो यांनी. बांतुलचेच. त्यांचा बागोंग मालकांना उलट बोलायचा, आणि त्यांचे प्रयोग यूट्यूबवर बघणाऱ्या तरुणांचा मोठा गट तयार झाला होता. २०२० मध्ये करोनानं मैदानं बंद केली, तेव्हा त्यांनी घरीच, थोडक्या वादकांना घेऊन आटोपशीर प्रयोग लाईव्ह दाखवायला सुरुवात केली. बघणारे पैसे पाठवायचे, त्यातून वादकांची चूल पेटायची. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले, वय अवघं ४८. पुतण्या म्हणाला, अजून त्यांचेच जुने प्रयोग लावून तो झोपतो.

करोनाच्या त्या दोन वर्षांत नारायणगावच्या राहुट्या ओस पडल्या होत्या. आतेभावानं त्या काळात जनरेटर विकला. तो बराच वेळ त्या लॅपटॉपवाल्या मुलाकडे बघत होता. मग जाऊन त्याच्याकडून केबलचा सगळा मांड समजून घेऊन आला.

मंगळवार, १९ ऑगस्ट, सोलो

आठ हजार रुपियांच्या तिकिटात, म्हणजे आपल्या चाळीसेक रुपयांत, लोकलनं सोलो. उतरलो ते बालापान स्टेशनवर. हे स्टेशन दिदी केंपोत यांच्या गाण्यामुळे देशाला पाठ आहे. सोडून गेलेल्या प्रेयसीची वाट बघणारा माणूस, जावानीज भाषा, साधी चाल.

केंपोत यांची गोष्ट मला या सगळ्यांत जास्त आवडते. घरात कलाकार, वडील लोकनाट्यातले विनोदी नट, पण हा मुलगा पदपथावर गाऊन मोठा झाला. पुढे जावात नाव झालं, सुरिनाम आणि नेदरलँड्समधल्या जावानीज लोकांत तर अधिकच. मग नवी गाणी आली आणि ते मागे पडले. २०१९ मध्ये इथल्याच एका बागेत त्यांचा कार्यक्रम चालू असताना पुढे उभी राहून ढसाढसा रडणारी कॉलेजची पोरं कुणीतरी टिपली. व्हिडिओ पसरला. पोरांनी स्वतःला मोडक्या मनांची मंडळी म्हणून घेतलं, त्यांना 'गॉडफादर ऑफ ब्रोकन हार्ट' ही पदवी दिली, आणि पन्नाशी ओलांडलेला माणूस पुन्हा मैदानं भरवू लागला. एप्रिल २०२० मध्ये करोनाग्रस्तांसाठी घरातून टीव्हीवर गाऊन त्यांनी काही अब्ज रुपिया जमवले. ५ मे २०२० ला गेले. जेमतेम एक वर्ष मिळालं त्या दुसऱ्या डावाला.

दुपारी लोकानांता. १९५६ मध्ये सरकारनं उभी केलेली ध्वनिमुद्रिकांची कंपनी. तबकड्या, मग कॅसेटी, मग चोरट्या कॅसेटींनी घेतलेला जीव. २०२३ मध्ये तिचं सांस्कृतिक केंद्र झालं. संग्रहालय नीटनेटकं, कॉफी महाग, आवारात फोटो काढणारी पोरं पुष्कळ. मला त्यांचा राग आला नाही. निदान कुलूप तर नाही. आतेभाऊ जुन्या मिक्सरसमोर बूट काढून उभा राहिला.

रात्री श्रीवेदारी. इथं वायांगमधली पात्रं माणसं करतात, आणि ही मंडळी शंभराहून जास्त वर्षं जवळजवळ रोज रात्री नाटक करतायत. तिकीट नाममात्र, अर्धं थिएटर रिकामं. अर्जुनाचं काम पूर्वापार पद्धतीनं एक सडपातळ बाई करत होती, आणि तिच्याशी लढणारा, खालचा जबडा आणि सुळा पुढे आलेला राक्षस चाकिल उड्यांवर उड्या मारत होता. खेळ संपल्यावर चाकिल तोच मुखवटा चढवलेला चेहरा घेऊन दाराशी उभा राहिला आणि ज्यांनी सेल्फी मागितला त्यांना आधी स्वतःचं इन्स्टाग्राम खातं शोधायला लावलं. मग सेल्फी.

गुरुवार, २१ ऑगस्ट, मलांगच्या वाटेवर

बसनं पूर्वेकडे. टोलनाक्याच्या पुढे वळणावर शाळकरी पोरांचा घोळका, हातात मोबाईल. बस दिसली की ती हात हलवून ड्रायव्हरला सुरेल हॉर्न वाजवायला सांगतात. अशीच पोरं डिसेंबर २०१६ मध्ये 'ओम तेलोलेत ओम' (काका, हॉर्न वाजवा काका) या तीन शब्दांनिशी जगभर पोचली होती. त्यांनी परदेशी डीजेंच्या खात्यांवर तेच लिहून लिहून त्यांना त्या हॉर्नवर गाणी करायला लावली. २०२४ मध्ये बसच्या मागे धावलेला एक लहानगा चाकाखाली गेला आणि सरकारनं या हॉर्नवर बंदी घातली. आमच्या ड्रायव्हरनं दिवा दोनदा मिचकावला. हॉर्न वाजला नाही. पोरांनी शिव्या दिल्या असाव्यात.

शुक्रवार, २२ ऑगस्ट, मलांगजवळचं गाव

ज्यासाठी मी आले ते आज दिसलं. एका घरी मुलाच्या सुंतेचा समारंभ, अंगणात स्टेज, आणि दांगदुतचा कोप्लो प्रकार, म्हणजे ढोल दुप्पट वेगात. इथल्याच सिदोआर्जोच्या विया वालेननं हा गावठी प्रकार २०१८ च्या आशियाई खेळांच्या उद्घाटनापर्यंत नेला. गायिका विशीतली. पुरुष रांगेनं वर चढतात, हातात पाच-पाच हजारांच्या नोटा पंख्यासारख्या धरतात आणि एकेक करून देतात, म्हणजे तेवढा वेळ शेजारी नाचायला मिळतं. निवेदक प्रत्येकाचं नाव, गाव, धंदा पुकारतो. अंगाला हात लागायला आला की गायिका तालात एक पाऊल मागे जाते. तिचं ते पाऊल मी पुन्हा पुन्हा बघत राहिले. बारीवरच्या बायांनाही ते येतं.

स्टेजच्या तीन बाजूंना कॅमेरे, वर ड्रोन. शूटिंगवाल्यांचं यूट्यूब चॅनल वेगळं, ताफ्याचं वेगळं. नोटा बादलीत जमतात आणि रात्री वादकांत वाटल्या जातात, असं ढोलकवाल्यानं सांगितलं. यूट्यूबच्या पैशाचं विचारलं तर त्यानं शूटिंगवाल्यांकडे बोट दाखवलं. गायिकेचा लाईव्ह मात्र तिचा स्वतःचा. तिची धाकटी बहीण पहिल्या रांगेत मोबाईल धरून बसली होती. चॅनल कुणाचंही असो, त्या लाईव्हची कमाई तिच्याच खात्यात जाते. व्हीसीडीच्या काळात इनुलकडे असं काही नव्हतं. शिवाय मोबाईलमधून अंगाला हात लावता येत नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट, तेच गाव

आतेभावाचा दिवस. याला 'साउंड होरेग' म्हणतात, आणि खरोखर सगळं हादरतं. दुपारी दोनपासून ट्रक लागायला सुरुवात. प्रत्येक गल्लीचा एक ट्रक, त्यावर स्पीकरची दुमजली-तिमजली भिंत, मागे जनरेटरची गाडी, पुढे गल्लीतल्या बायका-पोरींचं पथक एकसारख्या कपड्यांत नाचत. ट्रक जावा म्हणून काही घरांनी फाटकं काढून ठेवली होती, खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या मारल्या होत्या. घराघरातून वर्गणी.

गेल्याच महिन्यात पूर्व जावाच्या उलेमा परिषदेनं अतिरेकी साउंड होरेग हराम ठरवला. ऑगस्टच्या सुरुवातीला राज्यपालांनी आणि पोलिसांनी मर्यादा घातली : एका जागी उभा असेल तर १२० डेसिबल, मिरवणुकीत ८५. आतेभावाच्या मोबाईलवर मीटर आहे. पहिला ट्रक आमच्यासमोरून गेला तेव्हा त्यानं आकडा बघितला आणि मला न दाखवता मोबाईल खिशात घातला. "आपल्याकडचीच भांडणं आहेत गं ताई ही," एवढंच म्हणाला.

मला पोटात ढवळायला लागलं. छातीवर कुणीतरी आतून थाप मारतंय असं वाटत होतं. एका आजीनं कानाला उशी बांधली होती आणि तरी ती ओट्यावरून हलत नव्हती, कारण नातीचं पथक यायचं होतं. लोकांची हौस मला कळते. वर्षातून एकदा आपल्या गल्लीचा आवाज शेजारच्या गल्लीच्या वर जावा, याचं सुखही कळतं. पण तान्ही मुलं आणि आजारी माणसं त्याच गल्लीत राहतात, आणि त्यांना कुणी विचारत नाही. मी तिसऱ्या ट्रकनंतर गावाबाहेरच्या ऊसाच्या कडेला जाऊन बसले. तिथंही जमीन थरथरत होती.

रात्री दहाला आतेभाऊ आला तो घसा बसलेला, हातात वही. ट्रकचं भाडं, डिझेल, वर्गणी, पथकाचे कपडे, सगळं मांडलेलं. "यात साउंडवाला सोडून कुणाला काही सुटत नाही," तो म्हणाला. जरा थांबून, "आणि साउंडवाल्यालाही व्हिडिओचाच खरा फायदा. तो बघूनच पुढची सुपारी येते."

रविवार, २४ ऑगस्ट, सुराबाया

विमानतळावर दोन तास. शेजारच्या बाकावरच्या तरुणानं आम्ही विचारायच्या आत खासदारांच्या त्या नाचाचा व्हिडिओ काढला. दरम्यान खासदारांना घरभाड्यापोटी महिन्याला पाच कोटी रुपिया भत्ता मिळतो, हे बाहेर आलं होतं. आपले अडीच लाखांच्या वर. विनोदी नट असलेले एको पात्रियो हे नाचलेल्या खासदारांपैकी. टीका झाल्यावर त्यांनी उत्तर दिलं ते डीजे झाल्याचं सोंग करून, साउंड होरेगच्या थाटात. आयुष्यभर लोकांना हसवून निवडून आलेल्या माणसाला वाटलं असेल, हा प्रेक्षक आपला आहे. पण सावेर देणारा माणूस स्वतःच्या खिशातली नोट स्वतःच्या हातानं देतो. इथं ती न विचारता काढली होती.

सप्टेंबर, घरी

आम्ही उतरलो त्याच दिवशी, २५ ऑगस्टला, जकार्तात संसदेवर मोर्चे सुरू झाले. २८ ला पोलिसांच्या गाडीखाली एक मोटारसायकल टॅक्सीवाला तरुण मेला आणि शहरामागून शहर पेटलं. ३० च्या रात्री एको पात्रियोंचं घर लोकांनी लुटलं. दुसऱ्या दिवशी पक्षानं त्यांना खासदारकीवरून बाजूला केलं.

त्याच ३० तारखेला टिकटॉकनं इंडोनेशियातले लाईव्ह बंद ठेवले. लाईव्हवर मोर्चे दिसत होते तसे बाटिकचे गठ्ठेही दिसत होते, सगळं एकदमच गेलं. इबूंना मी व्हॉट्सअॅपवर विचारलं तर त्यांनी गुंडाळून ठेवलेल्या कापडांचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, गल्ली ठीक आहे, पुतण्या घरी आहे, विक्री शून्य. दोन सप्टेंबरला लाईव्ह परत सुरू झाले. आतेभावाला त्यांना गुलाब पाठवायचा होता. टिकटॉक इथं चालत नाही म्हटल्यावर त्यानं विचारलं, सावेरिया चालतं का, आणि नसेल तर सरळ बँकेतून किती कापतात. तोवर इबूंचा दुसरा निरोप आला : गाण्याच्या फर्माईशी खूप, कापड दोनच गेलं, तुमच्याकडे बाटिकला गिऱ्हाईक आहे का?

आतेभावानं मापं मागवलीत.